गेम झोनवाल्याला आलेली नोटीस: मशीन भाड्याचं, पायऱ्या घरमालकाच्या, मग जबाबदारी कोणाची?

मालवणच्या एका वाचकांचा भला मोठा मेसेज आलाय, सोबत नोटीस, सात फोटो आणि मशीनच्या कराराची पानं. प्रकार असा. बाजारात जुन्या घराच्या पुढच्या भागात यांचा गेम झोन, नऊ मशीन, सगळी मुंबईच्या पार्टीची, कमाईत निम्मा वाटा. नाताळच्या सुट्टीत कोल्हापूरचं कुटुंब आलं, त्यातला पंचविशीचा मुलगा व्हीलचेअरवर. दाराला दोन पायऱ्या, त्या घरच्यांनी खुर्ची उचलून पार केल्या आणि ६०० रुपयांचं कार्ड घेतलं. आत बघतात तर बंदुकीच्या गेमचं पॅनेल त्याच्या छातीला, कार रेसिंगची सीट फिक्स. मग कामावरच्या पोराने न विचारता त्याच्या बगलेत हात घातले, उचललं आणि रेसिंगच्या सीटवर बसवलं. पाय पेडलवर चालत नाहीत, गाडी जागच्या जागी. त्याने पैसे परत मागितले तेव्हा यांनी भिंतीवरची 'कार्डचे पैसे परत मिळणार नाहीत' ही पाटी दाखवली आणि वर म्हणाले, "अहो, हे तुमच्यासाठी नाहीच आहे." बहिणीने सगळं मोबाईलवर शूट केलं. आता नोटीस आलीय, दोन लाख भरपाई, लेखी माफी, जागेत आणि मशीनमध्ये बदल, पंधरा दिवसांत, नाहीतर ग्राहक आयोग, दिव्यांग आयुक्त आणि पोलीस. वाचक विचारतायत, "मॅडम, मशीन माझं नाही, पायऱ्या माझ्या नाहीत, मी छोटा माणूस, हा कायदा मॉलवाल्यांसाठी ना? आणि पोराने तर मदतच केली."

दादा, आधी शेवटच्या वाक्याचं बोलूया कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटतेय. ती मदत नव्हती. तुम्ही बँकेच्या लायनीत उभे आहात आणि मागून कोणीतरी अनोळखी माणसाने तुम्हाला काखेत धरून उचललं आणि दुसऱ्या खिडकीवर ठेवलं तर तुम्ही काय कराल? व्हीलचेअर हा त्या मुलाच्या अंगाचाच भाग समजा, तिला हात लावायचा तरी विचारून लावायचा, त्याला उचलायचं तर लांबच राहिलं. पायऱ्या चढवणारे घरचे होते, त्यांना कुठे धरायचं ते माहीत असतं, तुमच्या पोराला नव्हतं, पडला असता तर आज आपण वेगळ्याच कलमांवर बोलत असतो. माझे वडील पक्षाघातानंतर चार वर्षं खुर्चीत होते, एका सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर सही द्यायला बोलावलं आणि दोघा शिपायांनी त्यांना पोत्यासारखं उचलून नेलं, सही झाली, पण त्या दिवशी ते घरी येऊन जेवले नाहीत. असो.

आता मॉलचं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून, त्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे, सरकारी असो की खाजगी, जिथे लोक ये-जा करतात ती, आणि त्यात धंदा आणि करमणूक हे दोन्ही शब्द चक्क लिहिलेत. चौरस फुटाचा हिशोब कुठेच नाही. तुमचा वकील एक मुद्दा काढू शकतो, की खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म, सोसायटी, ट्रस्ट, संस्था असं सगळं आहे पण एकट्या मालकाच्या दुकानाचं नाव घेतलेलं नाही. मुद्दा वाईट नाही, पण मी त्याच्या जिवावर झोपणार नाही, कारण कलम ३ म्हणतं की अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करायचा नाही, आणि भेदभावाच्या व्याख्येतच 'वाजवी सोय नाकारणे' हे घातलंय. एका वाक्यात तुमची केस तिथेच अडकते.

वाजवी सोय म्हणजे काय, तर त्या माणसाला इतरांसारखं वापरता यावं म्हणून करायचे गरजेचे बदल, पण तुमच्यावर झेपणार नाही एवढा बोजा न टाकता. हा शेवटचा भाग तुमच्या बाजूचा आहे हे लक्षात ठेवा. नऊच्या नऊ मशीन फोडून नवीन आणा असं कोणतंही कोर्ट तुम्हाला सांगणार नाही. पण 'काहीच करता येत नाही' हे ऐकून घेणारं कोर्टही मिळणार नाही, आधी विचारतील की तुम्ही काय करून बघितलं, आणि आजच्या तारखेला तुमचं उत्तर शून्य आहे.

पायऱ्यांचं बघू. फोटोत चिऱ्याच्या दोन पायऱ्या दिसतायत, सात-सात इंचाच्या धरल्या तर चौदा इंच चढ. रॅम्पला उतार एकास बाराचा लागतो, म्हणजे चौदा इंच चढायला चौदा फूट लांबी. इथेच सगळे फसतात, तीन फुटाची पत्र्याची घसरगुंडी टाकतात आणि म्हणतात बघा केला रॅम्प, तो रॅम्प नाही, पावसात तर मरणच. समोर रस्त्यावर चौदा फूट काढलात तर नगरपरिषद अतिक्रमण म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. पण तुमच्या तिसऱ्या फोटोत भिंतीला लागून लांबलचक ओटा दिसतोय ज्यावर तुम्ही जुनी मशीन आणि कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेत. तो मोकळा करा, रॅम्प भिंतीलगत आडवा काढा, रुंदी चार फूट, बाजूला कठडा आणि पकडायला रेलिंग, वरती दारापुढे खुर्ची वळेल एवढी सपाट जागा, साधारण पाच बाय पाच. घरमालकाला लेखी पत्र द्या, तोंडी नको, व्हॉट्सॲपपेक्षा रजिस्टर पोस्टाने बरं. तो नाही म्हणाला तर त्याचं 'नाही' कागदावर असू दे, उद्या तुमच्या फाईलला तो कागद लागेल. तुमचं लिव्ह अँड लायसन्स मार्चमध्ये संपतंय ना, मग नव्या करारात ही अट घालूनच सही करा.

तुमच्या ओळखीच्या कोणीतरी तुम्हाला सांगितलंय की सुप्रीम कोर्टाने हे नियमच रद्द केलेत, काळजी नको. अर्धवट माहिती. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या नियमांमधला १५(१) रद्द केला हे खरं, पण का? तर तो नियम फारच मवाळ होता, मापं नुसती शिफारस म्हणून दिली होती आणि कायदा तर सक्तीचं बोलतो. सरकारला तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा म्हणून सांगितलं. म्हणजे जो निकाल तुम्ही ढाल म्हणून नेणार आहात तो समोरच्याचा भाला आहे. त्याच निकालात हेही आहे की सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची सुगम्यता वेगळी आणि समोर आलेल्या एका माणसासाठी करायची वाजवी सोय वेगळी, पहिली नाही केली म्हणून दुसरी टळत नाही.

आता मशीन. मला गेममधलं शून्य कळतं पण या मेसेजनंतर कुडाळला एका ठिकाणी जाऊन टेप लावून मापं घेतली (लोक बघत होते). उभ्या मशीनचं बटणांचं पॅनेल जमिनीपासून जवळपास चाळीस इंच, आणि त्याच्या खाली सरळ बंद लाकडी खोकं, नाणी टाकायच्या दारासकट. व्हीलचेअर समोरून नेली की पायाची फळी आधीच त्या दाराला आपटते आणि माणूस राहतो दीड-दोन फूट लांब, हात पुढे ताणून, खांदे वर. आडवी लावली तर कंबरेतून पिळून खेळायचं. म्हणजे उंचीपेक्षा खरी अडचण गुडघ्याची आहे. अमेरिकेच्या नियमांत टेबल-काउंटरसाठी जी मापं आहेत ती इथे डोळ्यासमोर ठेवायला चांगली: वरचा पृष्ठभाग २८ ते ३४ इंचात, खाली गुडघ्यांना २७ इंच मोकळी उंची, खुर्ची उभी राहायला ३० बाय ४८ इंच जागा, आणि कार्ड लावायचा रीडर ४८ इंचाच्या वर नको. तुमचे रीडर कुठे आहेत ते तेवढं मोजा, फोटोत मला ते फारच वर दिसतायत आणि ते खाली आणायला तर चार स्क्रूचं काम आहे.

मुंबईच्या पार्टीचं मशीन कापायचं नाही हे बरोबर, करारातल्या ११ व्या कलमात 'कोणताही फेरफार नाही' असं आहे. पण न कापता होतं. ही बटणं म्हणजे आत साधे मायक्रोस्विच असतात, त्यांना समांतर वायर काढून लांब केबलवर दुसरं छोटं पॅनेल करता येतं जे माणूस मांडीवर किंवा घडीच्या टेबलावर ठेवून खेळेल, मूळ पॅनेल जसंच्या तसं. ज्याला सोल्डरिंग येतं असा कोणीही टीव्ही रिपेअरवाला हे करेल, फक्त पार्टीची लेखी परवानगी आधी. स्टीअरिंगच्या मशीनचं तसं नाही, तिथे आत स्विच नाही, किती फिरवलं ते मोजणारा भाग असतो, पेडललाही तेच, म्हणून तिथे वायरिंगच्या भानगडीत न पडता यांत्रिक उपाय बघा, पेडलला जोडलेला हाताचा दांडा. आपल्याकडे स्कूटरला बाजूची चाकं आणि हातातले ब्रेक लावून देणारे फॅब्रिकेशनवाले आहेत, त्यांना दाखवा, त्यांचं डोकं यात तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं चालतं. आणि सीट सरकवून बाहेर काढता येते का हे पार्टीला विचारा, सीट निघाली तर व्हीलचेअर थेट आत जाते आणि अर्धा प्रश्न संपतो. नऊपैकी दोन-तीन मशीन अशी झाली तरी मी कोर्टात उभी राहून ताठ मानेने सांगेन की माझ्या अशिलाने वाजवी ते केलं. पार्टीला आजच मेल टाका, परवानगी द्या किंवा बसून खेळायचं मॉडेल बदलून द्या. उत्तर आलं नाही तरी मेल टाकल्याची तारीख राहते.

नोटिशीतल्या धमक्या एकेक करून. पोलीस म्हणजे त्याच दिव्यांग अधिनियमाचं कलम ९२, लोकांसमोर अपमान करायच्या हेतूने जाणूनबुजून अपमान, सहा महिने ते पाच वर्षं. 'हे तुमच्यासाठी नाहीच आहे' हे वाक्य मूर्खपणाचं आहे पण मला त्यात अपमान करायचा हेतू सिद्ध होईल असं वाटत नाही, तरी व्हिडिओ मी बघितलेला नाही, मागे कोणी हसत असेल तर चित्र बदलतं. कलम ८९ चा दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुन्हा केलंत तर पन्नास हजार ते पाच लाख. आयुक्तांचं कार्यालय पुण्यात, समन्स काढायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार त्यांना आहेत, बोलावलं की जायचं.

खरा धोका ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेही केस लावू शकतो, म्हणजे कोल्हापूरला, म्हणजे प्रत्येक तारखेला तुम्ही घाट चढणार. त्याला फी नाही, कारण दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे. आणि 'लढवून दमवू' असं जे तुम्ही लिहिलंय ते विसरा, बांधाच्या केसमध्ये चुलत्यासोबत चालतं ते, इथे नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. दमणार कोण ते बघा. ती 'पैसे परत नाही' पाटी तिथे काही कामाची नाही, सेवा नीट दिली नाही तर पैसे परत न करणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

दोन लाख द्यावे लागतील का? ठरलेलं कोष्टक नाही. जीजा घोष यांना २०१२ मध्ये कलकत्त्याहून गोव्याला निघालेल्या विमानातून अपंगत्वामुळे उतरवलं होतं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा लाख द्यायला लावले. ती मोठी विमान कंपनी होती, तुम्ही नाही, प्रकारही तेवढा टोकाचा नाही, पण त्या निकालाचा पाया सन्मान हाच आहे आणि तुमच्या व्हिडिओतही तेच दिसणार. माझं मत, कोर्टाबाहेर मिटवा. ग्राहक आयोगातही मध्यस्थीची सोय आहे पण तिथपर्यंत जायचंच कशाला.

उत्तर वकिलाकडूनच द्या, त्यांना परस्पर फोन करू नका, 'तुमचा भाऊ समजून' वगैरे मेसेज तर अजिबात नको. उत्तरात घडलेलं मान्य करा जेवढं खरं आहे तेवढं, उचलल्याबद्दल आणि त्या वाक्याबद्दल स्पष्ट माफी, 'वाईट वाटलं असल्यास' हे शब्द न घालता. ६०० रुपये लगेच परत, नोटिशीचा खर्च द्यायची तयारी, भरपाईची वाजवी रक्कम बोलायची तयारी, आणि रॅम्प, रीडर, मशीन यांचं तारखेसकट वेळापत्रक. पाळता येईल अशीच तारीख लिहा, मे महिन्याच्या गर्दीच्या आधीची. मुलाला 'कधीही या, फुकट खेळा' असं लिहू नका, त्याने फुकट मागितलेलं नाही, त्याने पैसे भरले होते.

सीसीटीव्हीचं त्या दिवसाचं फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्या, डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा, जुन्यावरच नवीन लिहीत राहतो, आणि ते तुमच्या विरोधात असलं तरी पुसू नका. पाटीचा जागेवर तारखेसकट फोटो काढून ठेवा, मगच ती खाली उतरवा. नोटीस तुम्हाला १२ तारखेला मिळालीय, पंधरा दिवस २७ ला संपतात, ओरोसला कोणी ओळखीचा वकील नसेल तर सोमवारी अकराच्या आत कोर्टात मला भेटा, येताना करार मूळ आणा, झेरॉक्स नको.