स्लायडर सरकवून बघा: बॅकप्लेट हार्नेसविषयी वाचकांचे प्रश्न

तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमानात भाड्याच्या बीसीडीवर (तरंगणं सांभाळणारं, हवा भरायचं जाकीट) थोडं डायव्हिंग झालं की पुष्कळजण स्वतःची बॅकप्लेट घेतात. पाठीवर धातूची प्लेट, तिच्यामागे विंग म्हणजे हवा भरायची पिशवी आणि प्लेटच्या खाचांतून ओवलेला एकच अखंड पट्टा, एवढाच हा संच. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत उतरणाऱ्यांनी तो घडवला आणि त्यांच्यातल्या बिल होगार्थ मेन यांच्यावरून या मांडणीला होगार्थियन म्हणतात. प्लेट आणि विंग लोक पारखून घेतात; हार्नेस, म्हणजे पट्टा, बकल, कड्या आणि त्या जागी धरणारे धातूचे स्लायडर, मात्र मिळेल तिथून आणतात. मग तेच ते प्रश्न येत राहतात.

प्रश्न : पुण्यात बोहरी आळीत 50 मिमी रुंदीची काळी नायलॉन पट्टी मीटरवर मिळते, डायव्हिंगच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी स्वस्त. ती वापरली तर?

नायलॉन कशावरून? बॅगांसाठी मीटरवर मिळणारी बरीचशी पट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि बाजारात तिलाही सर्रास नायलॉनच म्हणतात. बोटभर तुकडा आणा, बादलीत पाण्याखाली धरून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत चोळा आणि सोडून द्या. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठिसूळ होतं आणि गुळगुळीत असल्यामुळे बकलमधून निसटतं.

तुकडा बुडाला म्हणून पट्टी पास झाली असंही नाही. डायव्हिंगचा पट्टा मुद्दाम ताठ विणलेला असतो. टोकाशी धरून वीतभर पुढे काढला तर तो फळीसारखा आडवा राहतो. कंबरेचा पट्टा न बघता, एका हाताने बकलमध्ये घालायचा असतो, त्यासाठी हा ताठपणा लागतो. लिबलिबीत पट्टीवर कड्याही जागच्या जागी राहत नाहीत. पैसे देण्यापूर्वी तुकडा तुमच्या प्रशिक्षकाला दाखवा.

प्रश्न : गाडीच्या सीटबेल्टचा पट्टा चालेल का? अपघात सोसतो म्हणजे मजबूत असणारच.

नको. मजबूत आहे, पण पातळ आहे आणि रुंदीलाही थोडा कमी भरतो. स्लायडर त्यावर पकड घेत नाही.

प्रश्न : पट्टा किती लांब घ्यावा?

साधारण 3.6 मीटर, एकसंध. वेटसूट घालून मापात बसवा, एकदा पाण्यात जाऊन या, मगच टोकं कापा. नायलॉन ओलं झालं की थोडं सैल पडतं.

प्रश्न : 'मरीन ग्रेड 316' म्हणून डी-रिंग (कड्या) घेतल्या. एकीला वळणापाशी चुंबक किंचित चिकटतो. फसवलं का?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. 304 आणि 316 ही दोन्ही स्टेनलेस पोलादं जवळजवळ अचुंबकीय असतात, पण थंड अवस्थेत वाकवल्यावर वळणापाशी थोडी ओढ येऊ शकते, 304 मध्ये जास्त. म्हणून चुंबकाने या दोघांतला फरक कळतच नाही. कडीवर सगळीकडे चुंबक खटकन बसला तर मात्र ती परत करा. बहुधा मुलामा दिलेलं लोखंड असेल. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यात टिकण्याचं बळ त्यातून येतं. ते ओळखायला स्टीलवाल्यांकडे रसायनाच्या थेंबाची चाचणी असते, ती करून घ्या. पाकिटावरचं 'मरीन ग्रेड' कोणीही छापू शकतं. आणि कडीचा सांधा वेल्ड केलेला आहे ना, हे आधी पाहा. नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी ओझ्याने उघडते.

प्रश्न : हार्नेस 8 वर्षांचा आहे. पट्टा काळाभोर, बकल चकचकीत. फक्त एका स्लायडरजवळ थोडा तांबूस डाग आहे. दिवाळीच्या अंदमान ट्रिपनंतर बदलला तर चालेल ना?

नाही चालणार. हे सविस्तर सांगतो, कारण माझ्या टेबलावर येणारा जवळजवळ प्रत्येक हार्नेस 'बाहेरून अगदी चांगला' असतो.

हार्नेस खराब होतो तो डोळ्यांआड: प्लेटच्या खाचेत, स्लायडरखाली, कडीभोवतीच्या वळशात. सिलिंडरसकट पंधरा-वीस किलोंचं ओझं प्रत्येक चढउताराला पट्टा खाचेच्या कडेवर घासवतं. वाळूचे कण आणि वाळलेल्या मिठाचे खडे विणीत शिरून आतून तंतू कापतात. धातूचंही तसंच. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या, खाऱ्या पट्ट्याने घट्ट झाकलेल्या जागी तो पोचत नाही. म्हणून कडी वर चमकत असताना पट्ट्याखाली तिला खड्डे पडत असतात. तुम्हाला दिसलेला तांबूस डाग कदाचित वरवरचा असेल, पण तो कुठे बघायचं ते सांगतो आहे.

गेल्या वर्षी एका मुलाने असाच हार्नेस आणला होता. खांद्यावरचा स्लायडर मी अंगठ्याने रेटून बाजूला केला. खालच्या पट्ट्याची कड कापसासारखी पिंजलेली होती आणि रंग वरच्यापेक्षा वेगळा, ताजा काळा. म्हणजे स्लायडर वर्षानुवर्षं हललेलाच नव्हता. कडी फिरवून आतल्या बाजूवरून सुई ओढली तर ती दोन ठिकाणी अडकली. "पण मी दर वेळी धुतो," तो म्हणाला. धूत असणारच, पण नळाखाली धरून. त्याने आतलं मीठ निघत नाही. गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, स्लायडर मागेपुढे सरकवायचे, पुन्हा भिजवायचं आणि सावलीत वाळवायचं. कोकणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं तेव्हा हार्नेस दमट पिशवीत माळ्यावर टाकण्यापूर्वी तर हे केलंच पाहिजे.

पट्टा हा या संचातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि बदलणं नेमकं त्याचंच लांबतं. तुमचा हार्नेस या आठवड्यात प्लेटमधून पूर्ण सोडवा. पट्टा बोटभर अंतराने दुमडत वीण बघा, प्लेटच्या खाचांच्या कडांवरून बोट फिरवा, खरखर लागली तर त्या घासून गोल करून घ्या. प्लेट ॲल्युमिनियमची असेल तर स्टेनलेस बोल्टभोवती पांढरी भुकटी शोधा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू भिडले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मग सगळं घेऊन जाणत्या माणसाकडे जा, ट्रिपच्या आधी. मला फोटो पाठवू नका, खाचेच्या आतलं फोटोत दिसत नाही.

प्रश्न : वय 56, फ्रोझन शोल्डरनंतर उजवा हात पूर्ण वर जात नाही. दुकानात क्विक-रिलीज बकल आणि जाड पॅडचा 'कम्फर्ट' हार्नेस सुचवतात.

आधी अस्थिरोगतज्ज्ञ आणि डायव्हिंगची माहिती असलेले डॉक्टर, मग दुकान. हात वर जात नसेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि पाठीमागे गेलेला रेग्युलेटर (श्वासासाठी तोंडात धरायचा भाग) गाठता येतो का, हे हार्नेसआधी ठरायला हवं.

त्यांनी परवानगी दिली तर आधी पट्टा सैल करून बघा. बहुतेकजण तो फार आवळतात. छाती आणि पट्टा यांच्यामध्ये सरळ तळहात सहज सरकला पाहिजे. सदरा घालताना दुखरा हात आधी आणि काढताना चांगला हात आधी, तसंच इथे करा. तरीही जमलं नाही तर दुखऱ्या बाजूला एक चांगलं बकल लावायला माझी हरकत नाही, पण जोड वाढला की तपासणीची एक जागा वाढली. पॅड मात्र घेऊ नका. पाण्यात खांद्यावर ओझं नसतं, आणि फोम तरंगतो म्हणून तुम्हाला बुडण्यासाठी शिसं वाढवावं लागतं.

प्रश्न : वजनाचा (शिशाचा) पट्टा मांड्यांमधल्या पट्ट्याच्या आत घालायचा की बाहेर? दोन मित्र दोन गोष्टी सांगतात.

वजन गरजेला टाकून द्यायचं असेल तर बाहेर. आत घातला तर बकल उघडूनही तो मांडीच्या पट्ट्यात अडकून राहतो. काही टेक्निकल डायव्हर तो मुद्दाम आत घालतात, पण तो निर्णय प्रशिक्षकासोबत घ्यायचा, मित्रासोबत नाही. स्टीलची प्लेट स्वतःच अडीच किलोंच्या आसपास असते, तेवढं शिसं आधी कमी करा आणि वजनाची चाचणी नव्याने घ्या.

प्रश्न : मांड्यांमधल्या पट्ट्याचा फासा बॅग शिवणाऱ्याकडून शिवून घेतला तर?

सुती दोऱ्याने अजिबात नको, तो खाऱ्या ओलीत कुजतो. जाड पॉलिएस्टर दोरा आणि चौकोनात फुलीची शिवण घालणारा कारागीर असेल तर घ्या शिवून. पहिली डुबकी तलावात, प्रशिक्षक शेजारी असताना.