काळी माती, हरवलेला दागिना आणि डिटेक्टरचे आवाज : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : कापूस वेचताना सूनबाईंची सोन्याची अंगठी शेतात पडली. भाड्याने आणलेले मशीन एकाच जागी कधी 45, कधी 58, तर कधी 70 असा आकडा दाखवते आणि शेतभर विनाकारण कुरकुरते. आकड्यावर विश्वास ठेवावा का? (परभणी जिल्हा)

एकट्या आकड्यावर ठेवू नये. मेटल डिटेक्टरला सोने ओळखता येत नाही. त्याच्या कॉइलमधून, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या तारेच्या वेढ्यातून, बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्यामुळे धातूच्या वस्तूत क्षीण विद्युत्प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांच्याकडून परतणारा प्रतिसाद किती मागे पडला हे मोजून मशीन आकडा दाखवते. हे मागे पडणे धातूच्या वाहकतेवर जसे अवलंबून असते, तसेच वस्तूच्या जाडीवर, आकारावर आणि ती मातीत आडवी पडली आहे की उभी यावरही अवलंबून असते. 22 कॅरट सोन्यात 91.6 टक्के सोने आणि उरलेले बहुधा तांबे व चांदी असते. अशा मिश्रणाची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच कमी भरते. म्हणून लहान अंगठी साधारणपणे मधल्या पट्ट्यात वाजते, आणि गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियमची चांदीही नेमकी त्याच पट्ट्यात वाजते. शिवाय प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असल्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा आपल्या कामाचा नसतो.

आकडा नाचण्याचे कारण आपल्या जमिनीत आहे. मराठवाड्याची काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्या खडकातील मॅग्नेटाइटचे बारीक कण तिच्यात उतरलेले आहेत. मशीनला वस्तूबरोबर ही मातीही ऐकू येते. वस्तू जितकी खोल, तितका मातीचा वाटा मोठा आणि आकडा तितका अस्थिर. यासाठी धातू नाही अशी खात्री असलेल्या जागी कॉइल जमिनीलगत आणि घोट्याइतक्या उंचीपर्यंत वर-खाली करीत आवाज शांत होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज वगळण्याची जुळणी, साधावा, आणि काळी संपून मुरमाड लागली किंवा कोरडी संपून ओली लागली की तो पुन्हा साधावा. त्यानंतरही कुरकुर राहिली तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, कमी करावी. अनेकांना ती कमी केली म्हणजे खोली गेली असे वाटते, परंतु आपल्या मातीत गोंगाट कमी झाल्यामुळे खरा आवाज ऐकू येण्याची शक्यता वाढते.

मग त्या जागेवर कॉइल पूर्व-पश्चिम फिरवून पाहावे आणि नंतर काटकोनात वळून उत्तर-दक्षिण. अखंड, गोल वस्तूचा आवाज दोन्ही दिशांनी सारखा, आटोपशीर आणि दोन्ही कडांना स्वच्छ तुटणारा येतो. आकडा सरकला तरी थोडाच सरकतो. खिळा एका दिशेने गोड वाजतो आणि दुसऱ्या दिशेने खरखरतो किंवा गप्प होतो. बैलाच्या खुराची झिजून पडलेली पत्री मात्र चांगलीच फसवते, कारण चपटे लोखंड पुष्कळदा चांदीसारखा उंच आकडा दाखवते. कडांवर येणारा खर्जातला घोगरा आवाज तिची ओळख पटवतो. अंगठी मध्ये चिरलेली किंवा उघड्या टोकांची असेल तर प्रवाहाला पूर्ण वेढा मिळत नाही, ती बरीच खालच्या आकड्यावर वाजते, आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळण्याची सोय, चालू असेल तर मशीन तिला कचरा समजून गाळून टाकते.

सर्वांत उपयोगी उपाय असा की घरातील तशाच घडणीची अंगठी रंगीत दोऱ्याला बांधून त्याच शेतात चार बोटे आणि नंतर वीतभर खोल ठेवावी आणि ती कशी वाजते हे कान देऊन ऐकावे. वेचणीच्या अखेरीस जमीन भेगाळू लागते आणि अंगठी भेगेत उतरलेली असू शकते, म्हणून कॉइल भेगांच्या कडेने अगदी सावकाश न्यावे. हा शोध पावसाळ्यापूर्वी संपवावा. माती फुगून भेगा मिटल्या की दागिना जिथे अडकला असेल तिथेच कोंडला जातो.

प्रश्न : अंगणात मंगळसूत्र तुटून विखुरले. बहिणीचे तसेच मंगळसूत्र मशीनखाली धरले तर जेमतेम आवाज येतो. मशीन खराब आहे का? (बीड)

मशीन खराब नाही. काळे मणी काचेचे, त्यामुळे ते वाजणारच नाहीत. सोन्याची बारीक साखळी आपल्याला एकसंध दिसत असली तरी मशीनला ती सुट्ट्या कड्यांची रांग वाटते, कारण कडीकडून कडीकडे प्रवाह नीट वाहत नाही. बोरमाळेचेही तसेच : पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेले मणी दोऱ्यात ओवलेले, प्रत्येक मणी स्वतंत्र आणि क्षीण. याउलट पाटली किंवा तोडा म्हणजे पूर्ण वेढा, तो ठणठणीत वाजतो. आपल्याला ऐकू येण्यासारखे काही असेल तर त्या दोन वाट्या. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करावे, लहान कॉइल लावावे आणि वाट्यांचाच शोध घ्यावा. बाकीच्या ऐवजासाठी अंगणाचा वरचा दोन बोटांचा थर खुरप्याने काढून बारीक चाळणीने चाळावा.

प्रश्न : 1993 च्या भूकंपात आमचे जुने घर पडले. आजीने चांदीचे तोडे आणि पुतळ्यांची माळ पितळी गडव्यात घालून भिंतीत ठेवल्याचे वडील सांगत. तिथे मोठा आवाज आला, हातभर खणले आणि आवाज नाहीसा झाला. (औसा तालुका)

30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेनंतर अशा ढिगाऱ्यांशी माणसांची दुःखे जोडली गेली आहेत. म्हणून जागा आज कोणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे पाहून, लेखी संमती घेऊन आणि गावातील वडीलधाऱ्यांना सांगूनच पुढचे खणणे करावे.

आवाज नाहीसा झाला तर प्रथम उपसलेल्या मातीचा ढीग तपासावा, कारण वस्तू पुष्कळदा त्यातच गेलेली असते. तिथे काही नसेल तर दोन शक्यता उरतात. जुने लोखंड गंजताना भोवतालच्या मातीत गंज पसरवते आणि खिळ्याचा आवाज खिळ्याहून मोठा करते. खणताना तो थर मोडला की आवाज विरतो. दुसरी शक्यता चुलीची. भाजलेल्या मातीचे आणि विटांचे चुंबकीय गुण बदलतात आणि त्या धातूसारख्या वाजू शकतात. भिंतीच्या काळ्या दगडांचेही असेच आहे, एकेक दगड वेगळा वाजतो; म्हणून दगड बाजूला करूनच खालची पांढरी माती तपासावी.

गडवा असेल तर त्याचा आवाज रुंद, उंच आणि स्थिर येईल, आणि कॉइल वीतभर वर उचलले तरी टिकेल. आतील सोने वेगळे ऐकू येणार नाही, कारण मशीनला बाहेरचे पितळच ऐकू येते. म्हणून सोन्याच्या आकड्याची वाट न पाहता असा आवाज महत्त्वाचा मानावा, आणि तो मिळाल्यावर पहार दूर ठेवून कडेकडेने खुरप्याने उकरावे.

प्रश्न : कॉइल हवेत स्थिर धरले तरी साधारण दर सेकंदाला टक् असा आवाज येतो. (हिंगोली)

जवळपास रानडुकरांसाठी लावलेले, कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारे झटका मशीन असावे. त्याचे ठोके साधारण सेकंदाला एक याच लयीत पडतात. कॉइल न हलवता येणारा आवाज जमिनीतील वस्तूचा नसतो. शेजाऱ्यांना विनंती करून दिवसा ते थोडा वेळ बंद ठेवावे, मोबाइल खिशातून काढून ठेवावा, आणि मशीनमध्ये फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असेल तर ती बदलून पाहावी.

प्रश्न : तेरजवळच्या आमच्या शेतात कानातले शोधताना सोन्यासारखा स्थिर आवाज आला आणि राखाडी, जड, झिजलेली चकती निघाली. (धाराशिव जिल्हा)

ती शिशाची असावी. शिशाची वाहकता कमी असल्याने त्याचे लहान तुकडे सोन्याच्या पट्ट्यात वाजतात. परंतु तेर म्हणजे प्राचीन तगर, आणि सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली होती. ती चकती घासू नये, विकू नये, तिथले खणणे थांबवावे आणि तहसील कार्यालयास लेखी कळवावे. ओळख पटवण्यासाठी गावातील शासकीय पुराणवस्तू संग्रहालय जवळच आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर परवानगीशिवाय खणण्यास कायद्याने मनाई आहे.

प्रश्न : एक जण अँटेना असलेले यंत्र घेऊन आला आहे. ते अर्ध्या किलोमीटरवरून फक्त सोने दाखवते, असे तो म्हणतो. आगाऊ रक्कम द्यावी का? (जालना)

देऊ नये. साध्या डिटेक्टरला अंगठी ऐकू येण्याची मर्यादा वीतभराच्या आसपास असते आणि आपल्या मातीत ती आणखी घटते. अर्ध्या किलोमीटरवरून सोने वेगळे ओळखणारे असे यंत्र नाही. त्याला दहा सारखी मडकी उपडी मांडून द्यावीत, त्याच्या अपरोक्ष एकाखाली अंगठी ठेवावी, ठेवणाऱ्याने तिथून निघून जावे आणि मग त्याला ती दाखवायला सांगावी. हे पाच वेळा करावे. तो नकार देईल किंवा गुप्तधनासाठी पूजा, बळी अशी भाषा सुरू करील, तर महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे आणि पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.