वाचकांचे प्रश्न : मर्लिन ओल्सन, बचावफळीतून छोट्या पडद्यावर

प्रश्न : 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या जुन्या अमेरिकन मालिकेत जॉनथन गार्वी नावाचा धिप्पाड, दाढीवाला शेतकरी आहे. ती भूमिका करणारे मर्लिन ओल्सन मूळचे फुटबॉलपटू होते, असे कळले. ते खरोखर पहिल्या प्रतीचे खेळाडू होते, की नट म्हणून नाव झाल्यानंतर त्यांची मैदानावरची कीर्ती फुगवून सांगितली गेली?

उत्तर : वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. अभिनयाकडे ते मुळीच वळले नसते, तरीही अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात त्यांचे स्थान तसूभरही कमी झाले नसते. युटा राज्यातील लोगन या गावी १९४० साली जन्मलेले ओल्सन तेथीलच युटा स्टेट विद्यापीठाकडून खेळले आणि आघाडीच्या ओळीत मध्यभागी खेळणाऱ्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा औटलंड पुरस्कार त्यांना १९६१ साली मिळाला. त्या काळी अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या दोन लीग एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या. नव्या लीगमधील डेन्व्हर ब्रॉन्कोज आणि जुन्या एनएफएलमधील लॉस अँजेलिस रॅम्स या दोन्ही संघांनी त्यांची निवड केली होती. ओल्सन यांनी रॅम्सची निवड केली आणि १९६२ ते १९७६ असे पंधरा हंगाम ते त्याच एका संघाकडून खेळले.

पहिल्या हंगामात रॅम्सला चौदापैकी केवळ एक सामना जिंकता आला. अशा रडतखडत चाललेल्या संघात राहूनही त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू म्हणून ओल्सन यांचा गौरव झाला. त्यांच्या वाट्याला आलेल्या २०८ सामन्यांपैकी अखेरचे १९८ सलग आहेत. ज्या जागेवर दर डावात दोन-दोन माणसे अंगावर येतात, त्या जागेवर हा आकडा थक्क करणारा वाटतो. हंगामातील निवडक खेळाडूंच्या प्रो बोल या सामन्यासाठी त्यांची सलग चौदा वेळा निवड झाली, म्हणजे कारकिर्दीचे शेवटचे वर्ष वगळता दर वर्षी. १९७४ साली वर्षातील सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडूसाठीचा बर्ट बेल पुरस्कार त्यांना मिळाला. हा सन्मान बहुधा चेंडू हाताळणाऱ्यांकडे जातो, बचावपटूकडे क्वचितच. निवृत्तीनंतर पात्रतेची पाच वर्षे पूर्ण होताच, १९८२ साली, 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे या खेळातील श्रेष्ठांच्या सन्मानदालनात, त्यांचा समावेश झाला. लीगला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा निवडलेल्या सार्वकालिक संघात ते होते आणि शंभर वर्षे झाली तेव्हाच्या संघातही होते.

प्रश्न : त्यांची जागा 'डिफेन्सिव्ह टॅकल' अशी दिलेली असते. या खेळाडूचे नेमके काम काय? ओल्सन यांनी किती गुण केले, किती वेळा क्वार्टरबॅकला (आक्रमणाची सूत्रे हाती असलेल्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) पाडले, याचे आकडे कोठेच ठळकपणे का दिसत नाहीत?

उत्तर : या खेळात आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. त्याला तेवढे सरकू न देण्यासाठी बचाव करणारा संघ आपले सर्वांत वजनदार खेळाडू पहिल्या ओळीत उभे करतो. ओल्सन यांच्या काळी या ओळीत साधारणपणे चौघे असत : कडेचे दोन 'एंड' आणि मधले दोन 'टॅकल'. कडेच्या खेळाडूला धावायला मोकळी जागा असते, त्यामुळे वळसा घालून क्वार्टरबॅकला पाडण्याचे मानाचे काम बहुधा त्याच्या वाट्याला येते. मधल्या खेळाडूला मात्र डाव सुरू होताच, हाताच्या अंतरावरील एका आणि अनेकदा दोन राक्षसी देहांशी झुंजावे लागते. तो प्रतिस्पर्धी जितके जास्त अडवून ठेवील, तितके त्याचे सहकारी मोकळे होतात. परंतु गुणपत्रिकेत या कामाची नोंद कोठेही होत नाही. त्यातच क्वार्टरबॅकला पाडण्याची, म्हणजे 'सॅक'ची, अधिकृत मोजणी लीगने १९८२ पासून सुरू केली आणि तोवर ओल्सन यांना निवृत्त होऊन काही वर्षे उलटली होती.

त्यांचे मोल समजून घ्यायचे असेल, तर त्यांच्या शेजारच्या माणसाकडे पाहावे लागते. रोझी ग्रीअर हे १९६३ साली न्यूयॉर्क जायंट्सकडून आले आणि डीकन जोन्स, ओल्सन, ग्रीअर व लमार लंडी या चौघांची 'फिअरसम फोरसम', म्हणजे धडकी भरवणारी चौकडी, तयार झाली. डाव्या कडेला जोन्स आणि त्यांच्या लगत ओल्सन. जोन्स हे विजेसारखे चपळ आणि बोलण्यातही तितकेच दणकेबाज होते. 'सॅक' हा शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते आणि समोरच्याच्या शिरस्त्राणावर तळहाताचा तडाखा मारून त्याला क्षणभर बधिर करण्याची त्यांची युक्ती इतकी घातक ठरली, की लीगने १९७७ साली तिच्यावर बंदी घातली. ओल्सन या सर्वांपासून दूर होते. सहा फूट पाच इंच उंची आणि सुमारे २७० पौंड वजन असलेला हा माणूस प्रतिस्पर्ध्याच्या छातीला हात भिडवून त्याला मागे रेटत नेई आणि नजर मात्र चेंडूवर ठेवी. दोघांचा ठरलेला एक डाव असा, की ओल्सन यांनी बाहेरच्या बाजूला मुसंडी मारून दोघांना गुंतवायचे आणि जोन्स यांनी त्यांच्या पाठीमागून आत शिरून क्वार्टरबॅक गाठायचा. टाळ्या जोन्स यांना पडत, आणि ओल्सन यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे दिसत नाही. माझ्या मते त्यांच्या पुढच्या व्यवसायाची खरी तालीम येथेच झाली. दुसऱ्याच्या प्रवेशाला आधार देणारा नट कोणत्याही मालिकेला हवाच असतो.

जाता जाता एक गोष्ट : खेळत असतानाच त्यांनी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेतली. अंगात बळ असलेला माणूस डोक्याने सामान्यच असायचा, ही समजूत त्यांच्या बाबतीत तरी बाद करावी लागते.

प्रश्न : त्यांना अजिंक्यपद किती वेळा मिळाले?

उत्तर : एकदाही नाही. १९६७ साली रॅम्सने अकरा सामने जिंकले, दोन बरोबरीत सोडवले आणि केवळ एक गमावला. तरी बाद फेरीत ग्रीन बे पॅकर्सकडून ते पराभूत झाले. ओल्सन यांच्या अखेरच्या तिन्ही हंगामांत संघ सुपर बोलच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या, उंबरठ्यापर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा परतला : १९७४ व १९७६ च्या हंगामांत मिनेसोटा व्हायकिंग्जकडून, तर १९७५ च्या हंगामात डॅलस काउबॉइजकडून हरून.

प्रश्न : खेळाडू केवळ देहयष्टीमुळे चित्रपटात घेतले जातात, असे म्हणतात. ओल्सन यांना अभिनयाची संधी कशी मिळाली, आणि ते खरोखर अभिनय करीत होते काय?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग त्यांच्या पदार्पणापुरता खरा आहे. लॉस अँजेलिस हे एकाच वेळी रॅम्सचे आणि चित्रपटसृष्टीचे गाव असल्यामुळे, हंगाम नसताना खेळाडूंना छोटी कामे मिळणे तेथे नवलाचे नव्हते. जॉन वेन आणि रॉक हडसन यांच्या 'द अनडिफीटेड' या १९६९ च्या चित्रपटात ओल्सन दिसले. त्यात रॅम्सचा क्वार्टरबॅक रोमन गॅब्रिएल हाही होता. गंमत म्हणजे १९६२ च्या खेळाडू-निवडीत रॅम्सने दुसऱ्या क्रमांकावर गॅब्रिएल आणि तिसऱ्या क्रमांकावर ओल्सन यांना घेतले होते. एकाच दिवशी एका संघाच्या पदरात पडलेले हे दोघे सात वर्षांनी पडद्यावरही एकत्र आले. त्या चित्रपटात ओल्सन यांच्याकडून भरभक्कम दिसण्यापलीकडे फारशी अपेक्षा नव्हती, आणि तेथेच थांबले असते तर आज त्यांच्याविषयी हा प्रश्न कोणी विचारला नसता.

खरे वळण आले ते १९७७ साली. 'लिटल हाउस'मध्ये मिस्टर एडवर्ड्सची भूमिका करणारे व्हिक्टर फ्रेंच दुसऱ्या मालिकेसाठी बाहेर पडले आणि नायक चार्ल्स इंगल्सच्या शेजारी एक भरवशाचा मित्र उभा करणे निर्मात्यांना भाग पडले. मायकेल लँडन हे मालिकेचे प्रमुख अभिनेते होते आणि निर्मितीची सूत्रेही त्यांच्याच हाती होती. त्यांनी ओल्सन यांना घेतले. गार्वी हा माणूस बलदंड आहे, पण त्याचे बळ लाकूड तोडण्यात, गाडी ओढण्यात आणि वेळप्रसंगी संताप गिळण्यात खर्च होते. पुढे आगीत त्याची पत्नी मरण पावते, तेव्हा आपल्या ताकदीचा काहीही उपयोग नाही हे उमगलेल्या माणसाचे दुःख दाखवण्याचे काम ओल्सन यांच्यावर येते. तेथे त्यांचा आवाज चढत नाही. थोराड देहातून येणारी ती हळू, किंचित अडखळणारी वाणी प्रेक्षकाला धरून ठेवते. त्यांना मी फार मोठा नट म्हणणार नाही. त्यांच्या अभिनयाचा पल्ला मर्यादित होता आणि खलपुरुषाच्या भूमिकेत त्यांची कल्पना करणेही अवघड जाते. मात्र आपली मर्यादा ओळखून तिच्या आत नेमके काम करणे, हा गुण त्यांच्यात पुरेपूर होता.

याच सुमारास एनबीसी वाहिनीवर ते फुटबॉलचे समालोचनही करू लागले. डिक एनबर्ग यांच्या जोडीने त्यांनी जानेवारी १९८१ ते जानेवारी १९८९ या काळात चार सुपर बोल सामन्यांचे समालोचन केले. एकाच वाहिनीवर एकीकडे एकोणिसाव्या शतकातील शेतकरी आणि दुसरीकडे टाय बांधून डावांची उकल करणारा जाणकार, अशा दोन रूपांत प्रेक्षक त्यांना पाहत होते. त्यामुळे 'निवृत्त खेळाडू' म्हणून ते विस्मृतीत गेलेच नाहीत. १९८१ साली लँडन यांनी त्यांच्यासाठी 'फादर मर्फी' ही मालिका निर्माण केली. अनाथ मुलांचा आसरा टिकावा म्हणून धर्मगुरू असल्याची बतावणी करणारा भटक्या, ही त्यांची पहिली मुख्य भूमिका. ही मालिका १९८३ पर्यंत चालली. १९८८ मधील 'आरन्स वे' मात्र लवकरच गुंडाळावी लागली.

प्रश्न : बचावफळीतील आणखी कोणी असे अभिनेते झाले काय?

उत्तर : बरेच झाले, दोघांचा उल्लेख करणे पुरेसे आहे. ओल्सन यांच्याच रॅम्समध्ये १९७२ पासून खेळलेले फ्रेड ड्रायर यांनी १९७३ साली ग्रीन बेविरुद्ध एकाच सामन्यात दोन 'सेफ्टी', म्हणजे चेंडू बाळगणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडून मिळणारे गुण, मिळवण्याचा पराक्रम केला आणि पुढे १९८४ ते १९९१ या काळात 'हंटर' या पोलिसी मालिकेचे ते नायक झाले. डेट्रॉइट लायन्सचे टॅकल अ‍ॅलेक्स कॅरस यांचा मार्ग आणखी निराळा होता. सट्टा लावल्याबद्दल १९६३ चा संपूर्ण हंगाम त्यांना निलंबित राहावे लागले. १९७४ च्या 'ब्लेझिंग सॅडल्स' या विनोदी चित्रपटात त्यांनी एका ठोशात घोडा लोळवला, आणि त्यानंतर दशकभराच्या आत 'वेब्स्टर' मालिकेत ते एका लहान मुलाला दत्तक घेणारे प्रेमळ वडील झाले. 'हॉल ऑफ फेम'ने त्यांना २०२० साली, म्हणजे मृत्यूनंतर आठ वर्षांनी, स्वीकारले. ओल्सन यांना अशी प्रतीक्षा करावी लागली नाही. ११ मार्च २०१० रोजी कॅलिफोर्नियातील ड्वार्ते येथे फुफ्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले, त्याच्या काही महिने आधीच युटा स्टेट विद्यापीठाने आपल्या फुटबॉल मैदानाला त्यांचे नाव दिले होते.