एडिनबरात एकच दिवस आहे, सोबत आई-बाबा. हॉलिरूड पार्कमधले प्राचीन किल्ले बघण्यासारखे आहेत का?

आहेत, पण राजगड डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. दरवाजा नाही, बुरूज नाही, टाकं नाही. पार्कात प्रागैतिहासिक किल्ल्यांच्या चार जागा आहेत आणि चारही आता गवताखाली गेल्यात. तट म्हणजे जमिनीवरचा लांबच लांब उंचवटा, कुणी दाखवला नाही तर त्यावरून चालत पुढे निघून जाल.

बहुतेक जण पार्कालगतच्या हॉलिरूड राजवाड्याकडून थेट आर्थर्स सीट या पार्कातल्या सगळ्यात उंच टेकडीच्या माथ्यावर (२५१ मीटर) चढतात. आई-बाबांना तिकडून नेऊ नका. टॅक्सीने पूर्वेच्या डन्सपी तळ्यापाशी उतरा. वीकेंडला हा रस्ता गाड्यांना बंद असू शकतो, तेवढं आधी बघून घ्या. हे तळं १८४४ मध्ये बांध घालून केलंय, राजवाड्याजवळचं सेंट मार्गारेट्ससुद्धा मानवनिर्मितच. नैसर्गिक तेवढं खालचं डडिंगस्टन. डन्सपीच्या काठी बसून आर्थर्स सीटकडे तोंड केलं, की उतारावर तटाच्या आडव्या रेषा आणि जुन्या शेतीचे टप्पे दिसतात. कोवळ्या किंवा कलत्या उन्हात सावल्या पडतात तेव्हा तर स्पष्टच. भर दुपारी सगळं सपाट वाटतं. पाठीमागच्या डन्सपी टेकडीवरही एक किल्ला होता. तुम्हाला माथा गाठायचाच असेल तर इथूनची गवताळ वाट सगळ्यात सोपी. शेवटचा खडक मात्र पायांनी घासून गुळगुळीत झालाय, पावसात सांभाळून.

आर्थर्स सीट म्हणजे थंडावलेला ज्वालामुखी, सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीतला काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यामानाने पोरच! पार्कातलाच सॅलिसबरी क्रॅग्जचा कडा ज्वालामुखीनंतरचा: गाळाच्या थरांमध्ये तप्त शिलारस घुसून थिजला. शिलारसाने खालचा थर कसा उचकटलाय, ते अठराव्या शतकात भूवैज्ञानिक जेम्स हटनने इथेच दाखवलं, आणि असे खडक समुद्राच्या पाण्यातून साचले म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. त्या कड्याखालची वाट २०१८ मध्ये दरड कोसळल्यावर बंद केली होती, चौकशी करूनच जा.

पाऊस लागलाच तर चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा, प्रवेश फुकट आहे. १८३६ मध्ये आर्थर्स सीटवर मुलांना एका कपारीत १७ चिमुकल्या शवपेट्या सापडल्या, आत लाकडी बाहुल्या. त्यातल्या उरलेल्या ८ तिथे आहेत. कुणी आणि का ठेवल्या, आजही कोडंच आहे.