जुन्या टाटा १६१३ ट्रकच्या एअर इनटेकचे सुटे भाग कसे शोधावेत?

आपल्या टाटा १६१३ मध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) असलेले इंजिन असेल, तर एअर इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या यंत्रणेच्या, इंजिनावर बसणाऱ्या भागांसाठी ट्रकच्या मॉडेलपेक्षा इंजिन क्रमांक अधिक उपयोगी पडेल. एअर क्लीनरचे भांडे (ज्यात हवेचा फिल्टर बसतो) आणि त्यापासून टर्बोपर्यंतचा पाइप हे मात्र गाडीच्या बांधणीचे भाग असल्याने त्यांच्यासाठी चॅसिस क्रमांक घेऊन टाटाच्या स्पेअर्स विक्रेत्याकडे जावे. या पाइपचा जुना होज (रबरी नळी) सोबत न्यावा, कारण दोन्ही टोकांचा आतील व्यास, लांबी आणि वळण जुळलेच पाहिजे.

फिल्टर आणि टर्बो यांच्यामधील होजबाबत काटकसर करू नये. तेथे पडलेल्या बारीक चिरेतून न गाळलेली धूळ थेट आत शिरून टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा झिजवते, शिवाय पातळ रबर इंजिनाच्या ओढीने आत चेपते. होज आवळणारे क्लॅम्पही नवेच टाकावेत.

भांडे नवे मिळाले नाही, तर मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुने शोधता येईल, पण गंज आणि फिल्टरच्या सीलची बैठक तपासूनच ते घ्यावे. वापरलेला फिल्टर मात्र, कितीही स्वच्छ दिसला तरी, घेऊ नये.