जुन्या आर्केड एन्कोडरचं (गेमची बटणं आणि जॉयस्टिक पीसीला जोडणाऱ्या बोर्डाचं) सॉफ्टवेअर विंडोज १० वर बोर्ड ओळखत नाही. बोर्ड गेला का?

नाही, गेला नसावा. तुम्ही लिहिलंय की एन्कोडर पीएस/टूचा, म्हणजे कीबोर्डच्या जुन्या गोल पिनचा आहे, नव्या पीसीला तो यूएसबी कन्व्हर्टरने जोडलाय, सॉफ्टवेअर ‘बोर्ड सापडत नाही’ म्हणतं, पण बटण दाबलं की नोटपॅडमध्ये ‘काहीतरी विचित्र’ उमटतं. काही का असेना, उमटतंय ना? मग बोर्ड जिवंत आहे.

पीसीच्या लेखी हा बोर्ड म्हणजे कीबोर्ड. बटण दाबल्यावर कोड बोर्डाकडून पीसीकडे येतो. प्रोग्रॅमिंग करताना, म्हणजे कुठल्या बटणाला कुठली कळ ते बोर्डात भरताना उलट, पीसीला बोर्डाशी बोलावं लागतं. त्या काळची सॉफ्टवेअरं त्यासाठी थेट कीबोर्ड कंट्रोलरच्या पोर्टवर (६० आणि ६४ हेक्स) लिहायची. विंडोज ९८ ते खपवून घ्यायचं. एक्सपीत मध्ये ड्रायव्हर लागतो आणि तसला सही नसलेला जुना ड्रायव्हर ६४ बिट विंडोज १० दारातच अडवतं. त्यात तुमचा कन्व्हर्टर! पीसीशी बोलतो तो कन्व्हर्टर. सॉफ्टवेअरचा निरोप बोर्डापर्यंत जातच नाही. डॉसबॉक्स किंवा व्हर्च्युअल मशीनच्या (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या जुन्या पीसीच्या) नादी लागू नका, तिथला कीबोर्ड कंट्रोलर नकली असतो. माझे दोन रविवार त्यात गेलेत.

माझं काम झालं ते कळव्याच्या एका मित्राच्या माळ्यावरच्या डेस्कटॉपवर. खरं पीएस/टू पोर्ट, ३२ बिट एक्सपी. असा पीसी भंगारवाल्याकडेही मिळून जातो. फक्त पीसी बंद करून मगच पिन लावा. पीएस/टू ही चालू पीसीत काढ-घाल करायची गोष्ट नाही. प्रोग्रॅम झाल्यावर एकदा सगळं बंद करून पुन्हा सुरू करा आणि सेटिंग टिकलंय का बघा.

आता ते ‘विचित्र’. माझ्याकडे ठाण्यात हेच झालं होतं. भाचा दुसऱ्या खेळाडूची जॉयस्टिक हलवत होता आणि नोटपॅडमध्ये नुसत्या वेलांट्या, उकार, पाय मोडल्याच्या खुणा, त्याही टिंबांच्या वर्तुळावर लटकलेल्या. मला वाटलं चिप उडाली. पण दुसऱ्या खेळाडूच्या दिशा मेमच्या (पीसीवर जुने आर्केड गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नेहमीच्या मांडणीत आर, एफ, डी, जी अशा असतात आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत त्याच कळांवर ी, ि, ्, ु बसतात. बोर्ड बरोबर कोड पाठवत होता, कीबोर्ड मराठीवर गेला होता! गेला कसा? पहिल्या खेळाडूचं दुसरं बटण लेफ्ट ऑल्ट, चौथं लेफ्ट शिफ्ट. स्ट्रीट फायटर टूमध्ये घाईत दोन्ही एकदम दाबली गेली की विंडोज भाषा बदलतं. सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करा. स्टिकी कीजचाही करा, नाहीतर चौथं बटण पटापट पाचदा दाबलं की ऐन मारामारीत खिडकी उघडते.

तरीही एखादं बटण चालत नसेल, तर सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि ग्राउंडला लावलेल्या वायरचं मोकळं टोक त्या बटणाच्या टर्मिनलला टेकवा. अक्षर उमटलं तर बोर्ड ठीक, दोष स्विचचा किंवा वायरचा. बटण न दाबताच कळ दाबलेली राहत असेल, तर मायक्रोस्विचवर वायर एनओऐवजी (दाबल्यावर जोडणाऱ्या टोकाऐवजी) एनसीला (न दाबताच जोडलेल्या टोकाला) लागली आहे. माझ्याच पॅनलवर अशा दोन होत्या, आणि त्या मीच लावलेल्या.

पण मुळात प्रोग्रॅमिंग हवंय कशाला? बोर्ड मेमसाठी बनवलेला असेल तर मूळ कोड मेमला पाहिजे तेच असतात: कॉइनला ५, स्टार्टला १. एखाद्या गेमपुरता बदल हवा तर टॅब दाबून इनपुटच्या मेनूत करता येतो. आपल्याकडे ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणत, त्या १९९३ च्या कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्सला तर मारायचं आणि उडी मारायची अशी दोनच बटणं पुरतात. मेमबाहेरचे गेम खेळायचे असतील आणि जुना पीसी मिळतच नसेल, तर एटीमेगा ३२यू४ चिपचा अर्डुइनो लिओनार्डो घ्या. तो स्वतःच यूएसबी कीबोर्ड बनतो. स्विचच्या वायरी त्यावर हलवायच्या, पॅनलला हात लावावा लागत नाही.

आधी भाषा इंग्रजी करून नोटपॅडमध्ये पुन्हा बघा, आणि काय उमटतं ते खाली लिहा.