महानिद्रा, ख्रिस्तवासी आणि मधला काळ

नोव्हेंबर हा कॅथलिक परंपरेत मृतांच्या स्मरणाचा महिना. त्यामुळे या वेळच्या टपालात मरणोत्तर जीवनाविषयीचे प्रश्न जास्त आले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चची उत्तरे जिथे वेगळी आहेत, तिथे ती वेगळीच दिली आहेत.

आजोबांच्या निधनाच्या पत्रिकेत काकांनी ‘प्रभूमध्ये महानिद्रा घेतली’ असे लिहिले आणि नावाआधी ‘ख्रिस्तवासी’ लावले. झोपलेला माणूस ख्रिस्ताजवळ वास कसा करील? यातले खरे काय? — एक वाचक, नगर

काकांचे चुकलेले नाही. ख्रिस्ती शिकवणीत मरणानंतरच्या दोन वेगळ्या घटना आहेत आणि या विषयातला बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. पहिली घटना मरणाच्या क्षणी घडते, आत्मा शरीरापासून वेगळा होतो. दुसरी जगाच्या अंती, ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या वेळी. तेव्हा मेलेले उठतात, आत्मा व शरीर पुन्हा एक होतात आणि अंतिम न्याय होतो. दुसऱ्या घटनेवर जवळजवळ सगळी चर्चेस एकमत आहेत. वाद आहे तो या दोहोंमधल्या काळाचा.

‘महानिद्रा’ हा शब्द बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरातून पत्रिकेत आला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात ख्रिस्ताला महानिद्रा घेतलेल्यांमधले प्रथमफळ म्हटले आहे. झोपतो त्याला उठवता येते, एवढाच त्या उपमेचा रोख. सिमेटरी हा शब्दही मुळात ग्रीक भाषेतला ‘निजण्याची जागा’. बहुतेक चर्चच्या मते झोपते ते शरीर. आत्मा जागा असतो. पौल फिलिप्पैकरांस लिहितो की, इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावे अशी त्याला उत्कंठा आहे, आणि ‘ख्रिस्तवासी’ या शब्दाला आधार आहे तो याच वचनाचा.

आत्माही झोपतो असे मानणारे आहेत. सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची तशी शिकवण आहे: मेलेल्यांना काही कळत नाही (उपदेशक ९:५), पुनरुत्थानापर्यंत जाणीवच नाही. वाद अडतो तो लूक २३:४३ वर. वधस्तंभावरच्या गुन्हेगाराला येशू म्हणतो, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. अ‍ॅडव्हेंटिस्ट ‘आज’ हा शब्द ‘मी तुला सांगतो’ला जोडतात, म्हणजे ‘मी तुला आज सांगतो’. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हे नाहीत, त्यामुळे स्वल्पविराम कुठे द्यायचा हे भाषांतरकाराने ठरवायचे. पण ‘मी तुला खचित सांगतो’ हे येशूच्या तोंडी वारंवार येते आणि तिथे त्याला ‘आज’ जोडलेला सापडत नाही. म्हणून नेहमीचे वाचनच आम्हाला सरळ वाटते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने तर तरुणपणीच आत्म्याच्या झोपेविरुद्ध पुस्तक लिहिले, आणि १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (प्रोटेस्टंटांचे श्रद्धानिवेदन) स्पष्ट म्हणतो की आत्मे मरतही नाहीत, झोपतही नाहीत.

या प्रश्नावर एक पोपही घसरले होते. १३३१ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे पोप जॉन बावीसावे यांनी प्रवचनांत सांगितले की, संतांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायापर्यंत देवाचे साक्षात दर्शन होत नाही. पॅरिसच्या धर्मपंडितांनी विरोध केला. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर पोपनी आपले मत मागे घेतले, आणि त्यांचे उत्तराधिकारी बेनेडिक्ट बारावे यांनी १३३६ मध्ये निर्णय दिला: शुद्ध आत्म्याला मरणानंतर लगेच दर्शन होते, पुनरुत्थानापर्यंत थांबावे लागत नाही. कॅथलिक शिकवण आजही हीच आहे.

घरी आजीचे जुने प्रार्थनापुस्तक आहे. एका प्रार्थनेखाली ‘३०० दिवस’ असे छापले आहे. म्हणजे ती म्हटली की परगेटरीतले (मरणानंतरच्या शुद्धीच्या अवस्थेतले) ३०० दिवस कमी होतात का? — एक वाचक, वसई

नाही. ते दिवस परगेटरीतले नव्हतेच. सुरुवातीच्या शतकांत गंभीर पाप केलेल्याला ठरावीक दिवसांचे जाहीर प्रायश्चित्त असे. ती प्रार्थना तेवढ्या दिवसांच्या प्रायश्चित्ताच्या तोलाची, असा त्या आकड्याचा अर्थ. लोकांनी त्याची तुरुंगातल्या शिक्षेसारखी बेरीज-वजाबाकी सुरू केली, म्हणून पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये आकडेच काढून टाकले. आता इंडल्जन्स (क्षमा झालेल्या पापाच्या उरलेल्या दंडाची माफी) एकतर संपूर्ण, नाहीतर अंशतः. पुस्तक जपून ठेवा, प्रार्थना म्हणा, आकडा सोडून द्या.

परगेटरी हा छोटा नरक नव्हे आणि दुसरी संधीही नव्हे. तिथला प्रत्येक आत्मा तारलेलाच असतो. देवाच्या कृपेत मेला, पण पुरता शुद्ध झाला नाही, एवढेच. फ्लॉरेन्सच्या (१४३९) व ट्रेंटच्या (१५६३) धर्मसभांनी दोनच गोष्टी ठामपणे सांगितल्या: अशी शुद्धी आहे, आणि जिवंतांच्या प्रार्थनांचा, विशेषतः मिस्साचा (प्रभुभोजनाच्या उपासनेचा), त्या आत्म्यांना उपयोग होतो. ज्वाळा, साखळ्या, वर्षांचे हिशेब हे सारे चित्रकारांचे आणि प्रवचनकारांचे. ट्रेंटने तर अशा कुतूहलाच्या व पैसे उकळण्याच्या गोष्टींना मनाईच केली.

नोव्हेंबरमध्ये सिमेटरीत जाऊन मिळणाऱ्या संपूर्ण इंडल्जन्सचे नियम नेमके काय? दरवर्षी वेगवेगळे ऐकतो. — एक वाचक, मुंबई

१ ते ८ नोव्हेंबर या आठ दिवसांत कोणत्याही दिवशी सिमेटरीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना करायची. मनातल्या मनात केली तरी चालते. शिवाय २ नोव्हेंबरला चर्चला भेट देऊन ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि विश्वासांगीकार म्हटला, तर त्यानेही इंडल्जन्स मिळतो. दोन्हींचा लाभ फक्त मृतांसाठी अर्पण करता येतो, स्वतःसाठी नाही.

अटी चार: कन्फेशन (फादरपुढे पापांची कबुली), कम्युनियन (मिस्सातले प्रभुभोजन घेणे), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लकाचीही, ओढ मनात नसणे. दिवसाला एकच संपूर्ण इंडल्जन्स. एक कन्फेशन अनेक दिवसांना पुरते व ते काही दिवस आधी किंवा नंतर केले तरी चालते. कम्युनियन आणि पोपच्या हेतूंची प्रार्थना मात्र प्रत्येक वेळी हवी. आठ दिवस रोज जाऊनही शेवटी एकच कम्युनियन घेतले, तर संपूर्ण एकच होतो, बाकीचे अंशतः. नेहमी चूक होते ती इथे. चौथी अट सगळ्यात अवघड. ती पुरी झाली नाही तरी अंशतः लाभ राहतो, म्हणून जाणे सोडू नये.

‘दरवर्षी वेगवेगळे’ हा गैरसमज बहुधा २०२० मुळे झाला असावा. साथीत गर्दी टाळण्यासाठी त्या वर्षी ही मुदत पूर्ण नोव्हेंबरभर वाढवली होती.

वडिलांसाठी ग्रेगोरियन मिस्सा करायचे आहेत. आमच्या पॅरिशमध्ये (भागातल्या चर्चमध्ये) नाही म्हणाले. असे का? — एक वाचक, गोवा

ग्रेगोरियन म्हणजे एकाच मृतासाठी सलग ३० दिवस, रोज एक मिस्सा. प्रथेचे मूळ सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरी यांच्याकडे जाते. पॅरिशमध्ये रोजच्या मिस्साला आधीच कोणाचे तरी नाव लागलेले असते आणि ग्रेगोरियनमध्ये दुसरे नाव मिसळता येत नाही, त्यामुळे सलग तीस दिवस मोकळे मिळत नाहीत. मठ किंवा सेमिनरीत विचारा, तिथे अनेक फादर असतात. एकाच फादरने, एकाच वेदीवर म्हणावे असा नियम नाही. मध्ये आजारपणासारखी अडचण येऊन खंड पडला, तर उरलेले शक्य तितक्या लवकर पूर्ण करतात. पहिल्यापासून मोजावे लागत नाहीत. तुम्ही रोज हजर असण्याचीही अट नाही.

आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट). बहिणीच्या कॅथलिक सासरी सासऱ्यांच्या सातव्या दिवसाचा मिस्सा आहे. आपल्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. जावे का? सात दिवस आत्मा घरात फिरतो म्हणून हा दिवस असतो, असेही कोणी सांगितले. — एक वाचक, पुणे

आधी दुसरे. आत्मा घरात फिरतो, ही शिकवण कॅथलिकांचीही नाही. सातवा व तिसावा दिवस बायबलातल्या शोकाच्या मुदतींवरून आले. योसेफाने वडिलांसाठी सात दिवस शोक केला (उत्पत्ती ५०:१०), इस्राएलने मोशेसाठी तीस दिवस (अनुवाद ३४:८). ऑर्थोडॉक्स परंपरेत तिसरा, नववा आणि चाळिसावा दिवस पाळतात. कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या शेजारात राहून हे दिवस दहाव्या-तेराव्यासारखे वाटू लागतात खरे, पण आत्म्याला पुढे ढकलण्याचे काम या विधींकडे नाही.

आता पहिले. मृतांसाठी प्रार्थनेचा कॅथलिकांचा मुख्य आधार दुसरे मक्काबी, अध्याय १२. यहूदा मक्काबी पडलेल्या सैनिकांच्या पापासाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. तुमच्या बायबलमध्ये ते पुस्तकच नाही, मग वाद कसा मिटणार! प्रोटेस्टंट भूमिका अशी की मरणानंतर न्याय आहे (इब्री ९:२७) आणि ख्रिस्ताचे अर्पण पुरेसे आहे. म्हणून दफनविधीत मृताच्या आयुष्याबद्दल आभार मानतात, घरच्यांसाठी सांत्वन मागतात. तरी सगळेच सारखे कडक नव्हते. अँग्लिकन चर्चच्या ३९ कलमांतले २२वे कलम परगेटरीला पोकळ कल्पना ठरवते. प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याने मात्र १५२८ मध्ये लिहिले की, या आत्म्याला मदत होणार असेल तर दया कर, असे देवाला एक-दोनदा म्हणणे पाप नाही. मग तिथेच थांबावे.

जावे. वाचन ऐका, उभे राहा, बसा. कम्युनियन मात्र घेऊ नका. ते कॅथलिक नियमाने तुम्हाला देता येत नाही आणि रांगेत जाऊन परतवले गेले की तुम्हालाही आणि फादरलाही अवघड होते.

आईने दहन करा असे सांगून ठेवले आहे. कॅथलिकांना चालते का? अस्थी नदीत सोडता येतील? — एक वाचक, ठाणे

दहन चालते. १८८६ ची बंदी १९६३ मध्ये उठली. बंदी घातली तेव्हा युरोपात काही मंडळी पुनरुत्थान नाकारण्यासाठी मुद्दाम दहन करून घेत, म्हणून बंदी होती. दफनाला पसंती अजूनही आहे. शक्यतो आधी देहासह मिस्सा करावा, मग दहन.

अस्थी सोडता येत नाहीत, ना नदीत, ना समुद्रात. २०१६ च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार राख विखुरणे, वाटून घेणे, लॉकेटात घालणे, घरी ठेवणे यांना परवानगी नाही; ती सिमेटरीत किंवा चर्चने त्यासाठी ठेवलेल्या जागेत ठेवायची. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सूट मिळाली. अगदी थोडा अंश मृताच्या जीवनाशी जोडलेल्या ठिकाणी ठेवण्याची घरच्यांची विनंती चर्च विचारात घेऊ शकते. अनेकांची राख कायमच्या पवित्र जागी एकत्र ठेवायचीही सोय झाली, मात्र प्रत्येकाचे नाव नोंदले गेले पाहिजे. दहनाची तारीख ठरवण्याआधीच पॅरिश ऑफिसात जागेचे विचारा. नाहीतर कलश कपाटात राहतो आणि शेवटी कोणीतरी तो खाडीत सोडून मोकळे होते.

राखेतून देव शरीर कसे उठवील, ही चिंता करू नका. नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचे मांस पुनरुत्थानात कोणाचे, हा प्रश्नही धर्मपंडित संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात घेतला होता. मूळच्या माणसाचे, खाणाऱ्याकडे ते उसने होते, हे त्याचे उत्तर.

आत्महत्या केलेल्याचा चर्चमध्ये अंत्यविधी होत नाही का? — नाव न देण्याची विनंती

होतो. १९१७ च्या कॅथलिक कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यातून ते गेले. मानसिक आजार, तीव्र भीती किंवा यातना यांनी जबाबदारी कमी होते, देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो पश्चात्तापाची संधी देऊ शकतो आणि चर्च अशा व्यक्तीसाठी प्रार्थना करते, हे अधिकृत धर्मशिक्षण आहे. कोणी जुना नियम सांगून अडवले, तर धर्मप्रांताच्या कार्यालयात जा.

थडग्यावर ‘आत्म्यास शांती लाभो’ कोरायला आमचे पाळकसाहेब नको म्हणतात. एवढे काय त्यात? — एक वाचक, सोलापूर

‘लाभो’ ही विनंती आहे. म्हणजेच ती मृतासाठीची प्रार्थना झाली, आणि शांती अजून लाभायची आहे असेही त्यातून निघते. पाळकसाहेबांची अडचण तीच. लॅटिन भाषेतल्या ‘आरआयपी’चाही अर्थ ‘तो शांतीत विसावो’ असाच आहे आणि काही प्रोटेस्टंट त्यालाही हरकत घेतात. ‘ख्रिस्तामध्ये विसावले’ असे कोरा. ते विधान आहे, मागणे नाही, आणि अक्षरेही कमी लागतील.